इन्स्ट्रुमेंट करन्सी (ढगात उडायचा चालू हक्क) गेली आहे, सेफ्टी पायलट घेऊन भागेल की आयपीसीच (इन्स्ट्रुमेंट प्रोफिशियन्सी चेक) करावा लागेल?

सॅनहोजेकर

नमस्कार मंडळी. अमेरिकेत छोटी विमानं उडवणारे आपले बरेच लोक इथे आहेत म्हणून आधी इथेच विचारतो.

माझ्याकडे प्रायव्हेट लायसन्स आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता उपकरणांवर उडवायची परवानगी) दोन्ही आहे. रीड-हिलव्ह्यू विमानतळावर एका क्लबचं जी१००० (स्क्रीनवरची उपकरणं) वालं सेसना १७२ भाड्याने घेऊन उडवतो. व्हीएफआर (बाहेर बघून उडणं) चालू आहे, म्हणजे हाफ मून बे, कधीतरी हॅरिस रँचला उतरून पोटभर खाऊन परत, असं. पण आयएफआर (उपकरणांवर उडणं) पार बंद पडलंय, घरात बाळ आलं, ऑफिसात मॅनेजर बदलला, मग एक वीकेंड गेला की दुसरा गेला आणि आता लॉगबुक बघितलं तर डोळेच पांढरे झाले.

लॉगबुक काय म्हणतं ते सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये २ अप्रोच (उपकरणांवर धावपट्टीकडे उतरत येणं), जानेवारी २०२५ मध्ये १, फेब्रुवारी २०२५ मध्ये ३. होल्डिंग (एका जागी घिरट्या घालत थांबणं) पण फेब्रुवारीत झालंय. त्यानंतर भोपळा.

माझा हिशोब असा की शेवटचा अप्रोच फेब्रुवारीतला, म्हणजे ६ महिने धरून ऑगस्टअखेरपर्यंत मी करंट होतो, आणि त्यापुढे अजून ६ महिने सवलतीचे मिळतात ज्यात बाहेर लक्ष ठेवणारा सेफ्टी पायलट शेजारी बसवून फॉगल्स (बाहेरचं झाकणारा चष्मा) लावून राहिलेले अप्रोच करता येतात. म्हणजे फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंत वेळ आहे. आज जानेवारी. तर एका शनिवारी सहा अप्रोच एकदम उरकून टाकले तर चालेल ना? आणि ते क्लबच्या रेडबर्ड सिम्युलेटरवर केले तर? पैसे बरेच वाचतील. फ्लाइट रिव्ह्यू (इन्स्ट्रक्टरबरोबरची ठराविक काळाची उजळणी) पण मार्चअखेर संपतोय, त्याचं ह्याच्यात काही जमवता येतं का?

हे सगळं कशाला, तर उन्हाळ्यात सकाळी माँटेरेला जायचं म्हटलं की खाडीवर तो ढगांचा थर बसलेला असतो आणि वर स्वच्छ ऊन असतं हे माहीत असून आपण अकरा वाजेपर्यंत कॉफी पीत बसायचं. ह्या वर्षी ते नको.

पालोआल्टोचा_पक्या

सेफ्टी पायलट पाहिजे तर मी आहे रे. तेल निम्मं निम्मं. माझ्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाहीये पण ते लागत नाही बहुतेक, सिंगल इंजिन लँडचं प्रायव्हेट आहे, बेसिकमेड (नेहमीच्या मेडिकलऐवजीची सोपी सोय) आहे. आणि येताना मिसळ आणतो 😄

शिकागोकर_अण्णा

थांबा थांबा, तेल भरायच्या आधी हिशोब बघा. सॅनहोजेकर, तुमचा हिशोब चुकतोय, आणि ही चूक इतकी जण करतात की विचारू नका.

एफएएचा (अमेरिकेच्या विमान खात्याचा) नियम ६१.५७, त्याचा क भाग शेवटचा अप्रोच कधी केला ते विचारतच नाही. तो विचारतो की ज्या महिन्यात उडताय त्याच्या आधीच्या ६ कॅलेंडर महिन्यांत सहा अप्रोच, होल्डिंग, आणि कोर्स पकडून ट्रॅक करणं हे झालंय का. म्हणजे लॉगबुकात मागून मोजत जायचं, सहावा अप्रोच कुठल्या महिन्यात पडतो ते बघायचं, घड्याळ तिथून सुरू होतं. तुमचा मागून सहावा पडतो नोव्हेंबर २०२४ मध्ये. तेव्हा मे २०२५ मध्ये उडताना आधीचे ६ महिने म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, सहा भरले, करंट. जूनमध्ये उडताना डिसेंबर ते मे, नोव्हेंबरचे दोन गळले, हातात चारच. म्हणजे तुमची करन्सी ३१ मे २०२५ ला संपली, ऑगस्टला नाही.

आता सवलतीचे ६ महिने जून ते नोव्हेंबर. ३० नोव्हेंबरला तेही संपले. १ डिसेंबर २०२५ पासून तुम्ही ड भागात गेलात, आणि तिथे एकच दार आहे, आयपीसी. आता पक्याबरोबर सहा काय साठ अप्रोच केले तरी कागदावर करन्सी परत येत नाही. सराव म्हणून जरूर करा, वाया काही जात नाही.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. करंट नसताना नुसते ढगच टाळायचे असं नाही, आयएफआर क्लिअरन्सच (एटीसीची परवानगी) घ्यायचा नाही, आभाळ निरभ्र असलं तरी. फाइल करून "तसंही व्हीएमसीच आहे" म्हणणारे मी बघितलेत. चालत नाही. ह्यातून सुटका एकच, दुसरा कोणीतरी करंट आणि क्वालिफाइड माणूस पीआयसी (विमानाचा जबाबदार पायलट) म्हणून बसला असेल तर.

पक्या, तुमचं बरोबर आहे. सेफ्टी पायलटला त्या कॅटेगरी आणि क्लासचं रेटिंग असलेलं किमान प्रायव्हेट लागतं, इन्स्ट्रुमेंट लागत नाही. बेसिकमेडवर सेफ्टी पायलट व्हायची भानगड पूर्वी होती, पीआयसी नसलो तर चालायचं नाही, ते डिसेंबर २०२२ पासून सुटलं. फक्त सॅनहोजेकरने लॉगबुकात तुमचं नाव लिहायचं, प्रत्येक अप्रोच कुठला आणि कुठे ते पण लिहायचं. मिसळीची नोंद नको.

सॅनहोजेकर

अण्णा 🙏 हे मला इतकं सरळ कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मी दीड महिना उशिरा जागा झालो.

बरं मग आयपीसी म्हणजे नक्की काय भानगड आहे? परत चेकराइड? एक्झामिनर शोधायचा, त्याची तारीख मिळायची म्हणजे इथे बे एरियात महिनोन्‌महिने. आणि नापास झालो तर? रेकॉर्डवर येतं का?

हँगरमधली_मावशी

एक्झामिनर कशाला बाबा. कोणीही डबल आय, म्हणजे इन्स्ट्रुमेंट शिकवायचं रेटिंग असलेला सीएफआय (इन्स्ट्रक्टर), आयपीसी देऊ शकतो. मी पण देते, लिव्हरमोरला असते. एक्झामिनरही देऊ शकतो पण त्याला कशाला त्रास द्यायचा.

नापास वगैरे प्रकार नाही ह्यात. चेकराइडला कच्चं निघालं तर एफएएकडे कागद जातो, इथे तसं काही जात नाही. समाधानकारक झालं तर मी तुझ्या लॉगबुकात एंडॉर्समेंट लिहिते. नाही झालं तर तो तास ट्रेनिंगचा तास म्हणून लिहिते, सही करते, आणि पुढच्या आठवड्यात परत ये म्हणते. खूप जणांचं दोन बैठकांत होतं, ज्यांनी वर्षभर ढग बघितला नाही त्यांनी दोन धरूनच चालावं. एका शनिवारी उरकायचं हे डोक्यातून काढ.

आता काय काय असतं. हे मनाचं नाही चालत, इन्स्ट्रुमेंटच्या एसीएसमध्ये, म्हणजे जे पुस्तक घेऊन एक्झामिनर तुझ्या चेकराइडला आला होता त्यातच, मागे एक तक्ता आहे, त्यात आयपीसीला कुठली कामं घ्यायची ते दिलंय. इन्स्ट्रक्टरने त्यातलं काही गाळायचं नाही. पूर्वी लोक तीन अप्रोच करून सही द्यायचे, तो जमाना गेला. होल्डिंग, अनयूझुअल अ‍ॅटिट्यूडमधून (विमान वेडंवाकडं झालं असताना) बाहेर येणं, कोर्स पकडणं, नॉनप्रिसिजन अप्रोच (ग्लाइडस्लोप, म्हणजे उतरायची रेघ, नसलेला), प्रिसिजन (ती असलेला), मिस्ड (उतरणं सोडून परत वर जाणं), सर्कलिंग (फिरून दुसऱ्या धावपट्टीवर येणं), आणि लँडिंग. शिवाय मुख्य इन्स्ट्रुमेंट गेलेलं असताना अप्रोच. तुझ्या जी१००० मध्ये मी पीएफडी (मुख्य स्क्रीन) अंधार करणार आणि तू स्टँडबाय उपकरणांवरून खाली येणार. एक नॉनप्रिसिजन हाताने आणि व्हेक्टरशिवाय (कंट्रोलरने दिशा न सांगता) पूर्ण प्रोसिजर, ऑटोपायलट बंद. बाकी वेळी ऑटोपायलट लाव, उलट लावून दाखवच, कारण आयएफआरमध्ये एकटा असताना तोच तुझा को-पायलट आहे आणि त्याची बटणं विसरलेला माणूस जास्त धोकादायक. प्रिसिजनसाठी आयएलएसच (धावपट्टीवरून येणारा रेडिओ बीम) हवा असंही नाही, एलपीव्हीचा (जीपीएसवरच्या अप्रोचचा) डीए, म्हणजे निर्णयाची उंची, जमिनीपासून ३०० फूट किंवा खाली असेल तर तो धरतात.

मी काय बघते? एमडीएला (नॉनप्रिसिजनच्या किमान उंचीला) १०० फूट वर गेलास तर चालेल, एक फूट खाली नको. फायनलला सुई पाऊण स्केलच्या आत. स्पीड दहा नॉट इकडेतिकडे. पण खरं सांगू, सुयांपेक्षा मी दुसरंच बघत असते. चूक झाल्यावर तू काय करतोस ते. लोकलायझर (धावपट्टीच्या मधल्या रेषेचा बीम) ओलांडून गेलास, ठीक आहे, मग ओरबाडून परत वळतोस का शांतपणे पाच-दहा डिग्रीची दुरुस्ती करतोस. आणि सगळंच बिनसलं तर मिस्ड घ्यायचं सुचतं का, का हट्टाने खाली ओढतच नेतोस. हट्टाने ओढणाऱ्याला मी सही देत नाही, मग सुया कितीही मधोमध असोत.

सॅनहोजेकर

मावशी, तुम्ही आधीच भीती घातलीत 😅 रेडबर्डचं काय? निम्मं तरी तिथे होईल का? आणि फ्लाइट रिव्ह्यू?

हँगरमधली_मावशी

रेडबर्ड एएटीडी (वरच्या दर्जाचा ट्रेनिंग सिम) म्हणून अ‍ॅप्रूव्ह्ड असेल, त्याचं एफएएचं पत्र क्लबकडे लावलेलं असतं ते वाच, त्यात कुठलं काम चालतं ते स्पष्ट असतं. आयपीसीचा बराचसा भाग त्यात होतो, सर्कलिंग आणि प्रत्यक्ष उतरणं ह्याला मात्र विमान लागतं. माझी पद्धत म्हणजे पहिली बैठक रेडबर्डवर, दुसरी विमानात. पैसे वाचतात हे खरंच आहे पण माझं कारण वेगळं आहे, रेडबर्डला मी पॉज करू शकते. अप्रोच बिघडला की थांबवते, मागे नेते, "आता सांग इथे तू काय बघत होतास" असं विचारते. आकाशात ९० नॉटला हे जमत नाही.

फ्लाइट रिव्ह्यूचं: आयपीसी झाला म्हणजे रिव्ह्यू आपोआप झाला असं नाही. पण एकत्र करता येतं, एक तास ग्राउंड आणि एक तास फ्लाइट हे रिव्ह्यूचं भरलं, थोडं स्टॉल, स्टीप टर्न, क्रॉसविंड वगैरे घेतलं की एंडॉर्समेंट दोन लिहायच्या. आधीच सांगून ठेव इन्स्ट्रक्टरला, शेवटी "ते पण लिहून द्या ना" म्हटलेलं आम्हाला आवडत नाही.

ढगातला_ढ

मी जरा वेगळं बोलू का. मला सिम्युलेटर लोकांना कळतच नाही किती उपयोगाचं आहे ते. २०१८ मध्ये एफएएने नियम बदलला, तेव्हापासून अ‍ॅप्रूव्ह्ड एटीडीवर (ट्रेनिंग सिमवर) करन्सी ठेवायची असेल तर विमानासारखेच सहा महिने आणि तेच सहा अप्रोच, आणि इन्स्ट्रक्टर शेजारी लागत नाही, एकट्याने जाऊन करायचं. त्याच्या आधी दोन-दोन महिन्यांनी करा, तीन तास करा, असलं काय काय होतं. म्हणजे ज्याची करन्सी गेलेली नाही त्याने ती जाऊ द्यायचं काही कारणच उरलं नाहीये. पावसाळी संध्याकाळी जायचं, सहा अप्रोच, एक होल्ड, घरी. विमान आणि सिम मिळून सहा भरले तरी चालतात.

सॅनहोजेकर तुमचं आयपीसी झालं की हेच करा. आणि त्याच्या आधी घरी एक्स-प्लेन किंवा मायक्रोसॉफ्टचं असेल तर त्यावर. ते लॉग करता येत नाही, अ‍ॅप्रूव्ह्ड नाही, पण प्रोसिजर डोक्यात बसायला एक नंबर. मी पायलटएज (ऑनलाइन एटीसी सेवा) लावतो, समोर खऱ्या माणसाच्या आवाजात कंट्रोलर असतो, तो बोलला की हात आपोआप गडबडतात, ते गडबडणं घरी झालेलं बरं.

शिकागोकर_अण्णा

सिमला माझा विरोध नाही, आमच्याकडे डिसेंबर ते मार्च ढगात बर्फ असतो, आमचं १७२ सारखं विमान त्यात नेणं म्हणजे वेडेपणा, मी पण हिवाळ्यात रेडबर्डवरच असतो. पण ढ, एक गोष्ट सिम देत नाही. कानातलं. तुमच्या आतल्या कानाला सिम स्थिर आहे हे माहीत असतं. खऱ्या ढगात हळूच डावा पंख पडतो, कानाला कळत नाही, तुम्ही सरळ केलं की कान म्हणतो उजवीकडे पडलास, आणि मग सगळं शरीर डावीकडे झुकायला बघतं. हे फॉगल्सखालीही पूर्ण येत नाही कारण कडेने ऊन-सावली दिसत असते.

आमच्या इलिनॉय युनिव्हर्सिटीत १९५४ मध्ये एक प्रयोग झाला होता, बहुतेकांनी ऐकला असेल. इन्स्ट्रुमेंटचं काहीच शिक्षण नसलेले वीस जण घेतले, बोनान्झात बसवले, बाहेरचं दिसणं बंद केलं. वीसच्या वीस हाताबाहेर गेले, एकोणीस जण स्पायरलमध्ये आणि एक स्टॉलमध्ये. सरासरी १७८ सेकंद. हा आकडा सगळे घाबरवायला सांगतात पण त्या प्रयोगाचा दुसरा भाग कोणी सांगत नाही, त्याच लोकांना नंतर ढगात शिरल्यावर शांतपणे १८० डिग्री वळून बाहेर कसं यायचं ते थोड्या तासांत शिकवलं आणि ते त्यांना जमलं. म्हणजे हे शिकता येतं आणि शिकलेलं विसरताही येतं. सॅनहोजेकर तुम्ही त्या वीस जणांसारखे नाही, पण वर्षाने परत ढगात जाताना आपण त्यांच्या आणि करंट माणसाच्या मध्ये कुठेतरी असतो, ते कुठे हे आधी कळत नाही.

बिगबेनकर

तुम्हा अमेरिकेवाल्यांचं वाचून हेवा वाटतो आणि रागही येतो. इकडे इंग्लंडात आयआर (इन्स्ट्रुमेंट रेटिंग) १२ महिन्यांचं असतं, दरवर्षी एक्झामिनरबरोबर प्रोफिशियन्सी चेक द्यावाच लागतो, सहा अप्रोच लॉगबुकात लिहून भागत नाही. संपलं की ट्रेनिंग संस्थेकडे जायचं, ते ठरवणार तुम्हाला किती रिफ्रेशर पाहिजे, मग चेक. आणि ७ वर्षं गेली तर लेखी परीक्षा पण परत. युरोपातही हेच, आमचे नियम तिकडूनच आलेत. म्हणून इथले बरेच प्रायव्हेटवाले पूर्ण आयआरच्या फंदात न पडता आयआर(आर) घेतात, जुनं आयएमसी रेटिंग ते, २५ महिने चालतं आणि फक्त यूकेत. आमच्या हवेत ते नसेल तर वर्षातले निम्मे शनिवार हँगरमध्ये चहा.

तुमच्याकडे रेटिंग कधी संपतच नाही, फक्त वापरायचा हक्क झोपतो. ही चांगली पद्धत का वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बारामती_टू_बोइंग

एअरलाइनमधून बोलतोय. आमचं बरं आहे, दर सहा महिन्यांनी सिम लागतो, इंजिन जळतं, अप्रोच होतात, घाम गाळून बाहेर येतो, लॅप्स व्हायला वेळच मिळत नाही 😂 भारतात आयआरचा चेक दरवर्षी आहेच. पण बारामतीला १५२ वर शिकत होतो तेव्हा हुडखाली जो घाम आला तो नंतर बोइंगच्या सिममध्ये पण नाही आला, खोटं नाही सांगत. एकटा माणूस, एक इंजिन, हातात पेन, मांडीवर चार्ट, कानात एटीसी. एकट्याचं आयएफआर सगळ्यात अवघड आहे आणि ते जे लोक हौसेने करतात त्यांना माझा सलाम. सॅनहोजेकर, शिस्तीत करा.

सॅनहोजेकर

सगळ्यांचे आभार. मावशी, मला एक सांगा, आयपीसीला यायच्या आधी घरी काय करू? आणि पक्याबरोबर सराव करू की त्याने वाईट सवयी लागतील? नोव्हेंबरनंतर तुले फॉग (हिवाळ्यातलं दाट धुकं) सुरू झालंय तिकडे सेंट्रल व्हॅलीत, त्यात खरा आयएमसी (बाहेर काही न दिसणारी हवा) मिळेल का?

हँगरमधली_मावशी

तुले फॉगमध्ये सरावाला जायचं नाव काढू नकोस. ते धुकं जमिनीला चिकटलेलं असतं, मॉडेस्टो, स्टॉकटन दिवसचे दिवस त्यात बुडालेलं असतं, आणि आयएलएसचा मिनिमम २०० फूट आणि अर्धा मैल असतो, तुले फॉग त्याच्याही खाली. वर निळं आभाळ, खाली काहीच नाही, इंजिनाने दगा दिला तर उतरणार कुठे. शिकायला उन्हाळ्यातला आपला समुद्राचा थर उत्तम, हजार दीड हजार फुटांची जाडी, बर्फ नाही, आत फार ढवळत नाही, वर आलास की ऊन. तुझं माँटेरेचं स्वप्न नेमकं त्याच ढगाचं आहे, तेव्हा मे-जूनमध्ये एकदा सकाळी इन्स्ट्रक्टर घेऊन त्या थरातून वर ये आणि परत खाली ये, आयपीसी आधीच झालेला असला तरी. खऱ्या ढगातला आयपीसी पण करता येतो, तेव्हा पीआयसी मी असते आणि क्लिअरन्स माझ्या जिवावर.

पक्याबरोबर जरूर जा. पण व्हीएफआर हवेत, नॉरकॅलला (इथल्या एटीसीला) प्रॅक्टिस अप्रोच मागून. शनिवारी सकाळी दहाला नको, तेव्हा अख्खी बे एरिया तिथे असते आणि कंट्रोलर तुला वीस मैल लांब फिरवत बसतो, रविवारी लवकर किंवा कामाच्या दिवशी. स्टॉकटन, मॉडेस्टो, मग येताना लिव्हरमोर, तिन्हीकडे आयएलएस आहे, आरनॅव्ह (जीपीएसचे अप्रोच) आहेत, छान फेरी होते. तोच अप्रोच परत परत केला तरी नियमाला चालतं पण तू वेगवेगळे कर. पक्याला सांग की तुझं काम बाहेर बघणं, आयपॅड बघणं नाही. सेफ्टी पायलट फोरफ्लाइटमध्ये (आयपॅडवरच्या चार्टमध्ये) डोकं घालून बसतात हे मी इतकं बघितलंय.

सवयी लागण्याचं म्हणशील तर लागतात, म्हणून पहिल्या वेळी अप्रोच करूच नकोस. नुसतं फॉगल्स लावून सरळ उड, वळ, चढ, उतर. ९० नॉटला किती पॉवर लावली की लेव्हल राहतं, किती काढली की मिनिटाला साडेचारशे फूट उतरतं, हे आकडे कागदावर लिहून घे, ग्लाइडस्लोपला तेवढंच लागतं, ग्राउंडस्पीड गुणिले पाच. हे पाठ असलं की डोकं रिकामं राहतं रेडिओला आणि चार्टला. सगळ्यात आधी स्कॅन (उपकरणांवरून डोळे फिरवत राहणं) गंजतो. तीन शेगड्या पेटलेल्या असताना एकाच भांड्यात बघत बसलं की बाकीच्या दोन उतू जातात, तसं लोक एका सुईकडे बघत बसतात. जी१००० मध्ये तर ते अजून सोपं, सगळं एकाच स्क्रीनवर म्हणून डोळे फिरवायची गरजच वाटत नाही, मग हेडिंग कधी गेलं कळत नाही.

घरी बसून: १-२-३ परत वाच, म्हणजे पोचायच्या वेळेच्या एक तास आधी ते एक तास नंतर ढगाची उंची २००० फूट आणि दिसणं ३ मैल नसेल तर अल्टरनेट (पर्यायी विमानतळ), आणि अल्टरनेटला ६००-२ का ८००-२ कधी. रेडिओ गेला तर कुठला रूट आणि कुठली उंची. जीपीएसमध्ये होल्ड कसा टाकायचा आणि मिस्डला सस्पेंड कधी काढायचं, हे रेडबर्डवर किंवा गार्मिनच्या आयपॅड ट्रेनरवर दहा वेळा कर. ग्राउंडला मी हेच विचारते, आणि लोक सुयांत नाही, बटणांत अडकतात.

पालोआल्टोचा_पक्या

मी बाहेर बघेन मावशी, प्रॉमिस. मिसळ उतरल्यावर.

सॅनहोजेकर

ठीक. मग असं ठरवतो, पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पक्याबरोबर आधी नुसती बेसिक्स मग अप्रोच, मधे रेडबर्ड, आणि फेब्रुवारीच्या शेवटी आयपीसी आणि फ्लाइट रिव्ह्यू एकत्र. मावशी तुमच्याकडे फेब्रुवारीत जागा असेल तर मेसेज करतो. झाल्यावर नंतर करन्सी किती दिवस, आयपीसीपासून परत सहा महिने ना?

शिकागोकर_अण्णा

हो, फेब्रुवारीत कुठल्याही तारखेला झाला तरी ३१ ऑगस्टपर्यंत. आयपीसीत केलेले अप्रोच पण पुढच्या सहामध्ये मोजायचे, लॉगबुकात नीट लिहून घ्या कुठे आणि कुठला ते. आणि फोनमध्ये रिमाइंडर टाका, मागून सहाव्या अप्रोचच्या महिन्याचा.

एक राहिलं, क्लबचे नियम वेगळे बघा. बऱ्याच क्लबांत इन्शुरन्समुळे स्वतःची आयएफआर करन्सी असते, ती एफएएपेक्षा कडक असू शकते. आणि परत सुरू केल्यावर पहिले काही महिने मिनिमम स्वतःचे वर ठेवा, १००० फूट आणि ३ मैल वगैरे, चार्टवर २०० लिहिलंय म्हणून २०० ला जायची घाई नको.

हँगरमधली_मावशी

फेब्रुवारीतल्या शेवटच्या दोन मंगळवारी संध्याकाळ रिकामी आहे, रेडबर्डचं क्लबकडे तू बुक कर. येताना लॉगबुक, मेडिकल, फोटो आयडी, आणि पोरासाठी जागरण न झालेली रात्र एक तरी. विमानाच्या पिटो-स्टॅटिक (उंची-वेग दाखवणारी यंत्रणा) आणि ट्रान्सपाँडरची तपासणी २४ महिन्यांच्या आत आहे का ते क्लबच्या शीटवर बघून ये, जीपीएसचा डेटाबेस चालू आहे का बघ. व्हीओआर (रेडिओ दिशादर्शक) वापरणार असलो तर ३० दिवसांतला चेक पण लागतो, नसेल तर जाताना जमिनीवर दोन्ही व्हीओआर एकमेकांशी ताडून घेऊ, चार डिग्रीच्या आत आले की तारीख, जागा, फरक लिहून सही करायची, पाच मिनिटांचं काम. फोरफ्लाइटचं सबस्क्रिप्शन संपलेलं असेल तर ते आधी भर, मागच्या वर्षीचे चार्ट घेऊन येणाऱ्याला मी गाडीतूनच परत पाठवते.

सॅनहोजेकर

भरतो लगेच. दुसरा मंगळवार पक्का धरा मावशी, पहिल्या मंगळवारी मी रेडबर्डवर एकटा घासून घेतो.